तीस रेघांत माझं तोंड

लिएपायाच्या बंदरावर मी तेव्हा डब्यांत मासे भरायची,
डब्यामागे एक सांतीम.
वीक्स्ने मास्तर म्हणाले, तासाला वीस देतो,
काही करायचं नाही, नुसतं बसायचं.
आईने विचारलं, बसायचे पैसे कोण देतं?
आणि धाकट्या एडगार्सला सोबत धाडलं.

माळ्यावर दिवे एवढे, की वेणीतली रिबीन तापायची.
माझ्या ओठांना त्यांनी निळा रंग फासला.
"यंत्राला लाल रंग पांढराच दिसतो," म्हणाले,
"तू लाजलीस तर त्याला वाटेल घाबरलीस."
हे मी रात्री घरी सांगितलं.
कोणी हसलं नाही.

तबकडी कापली होती हेरिंगच्या पिंपाच्या पत्र्यातून,
तीस भोकं, गोगलगाईच्या पाठीसारखी आत आत वळत गेलेली.
फिरू लागली की तावदानं थरथरायची,
खालची शिंपीण काठीने छत ठोकायची,
आणि मास्तर वाकून जमिनीच्या फटीतून ओरडायचे,
"बाई, कान आलाय, नाक तेवढं येऊ द्या!"

ते भिंतीपलीकडे, मी अलीकडे.
मधे एक तार आणि लावलेलं दार.
हल, म्हणायचे. मी हलायची.
आता हलू नकोस.
आहेस ना?
असायचीच मी. जाणार कुठे?

बिलांच्या पाठीवर लिहायचे काहीबाही,
बिलं भरलेली नसायची:

चेहरा एकदम पाठवता येत नाही.
पाव तरी एकदम कुठे गिळतो आपण?

दृष्टीआड सृष्टी म्हणणारा
दुपारी पडून म्हणाला असणार.

प्रकाशाला घाई नाही. घाई घरमालकाला.

आणि एक, दोनदा खोडून पुन्हा लिहिलेलं:
पाहणं काय, कोणीही पाहतं.
वाट पाहणं कमी झालं
तर यंत्र चाललं म्हणायचं.

त्यांची आई आइझपुतेला, गुडघ्यांनी अधू.
एका रविवारी त्यांनी तिच्या टेबलावर राईचं पीठ पसरून
बोटाने सगळं काढून दाखवलं: दिवा, तबकडी, तार, पुन्हा दिवा.
म्हातारी म्हणाली, तुझं तोंड दिसेल, ते कळलं.
जेवलास की नाही, ते दिसेल?

परत आले आणि तीन दिवस भोकंच मोजत बसले.
"तीस पुरायची नाहीत, मिर्ड्झा."

मग मार्चातली ती संध्याकाळ. बंदरात अजून बर्फ.
मी बसलेली, डोळ्यांतून पाणी,
आणि भिंतीपलीकडून एडगार्सची किंकाळी,
"ताई! तू नारिंगी आहेस! काडेपेटीएवढी!"
मला राहवेना. उठले, दार ढकललं, धावत गेले बघायला.
तिथे नुसती खुर्ची होती.
नारिंगी, तीस रेघांची, रिकामी.

मास्तर माझ्याकडे बघून खूप वेळ हसले,
मग हसायचे थांबले.
"हीच तर गोम आहे," म्हणाले,
"ज्याचं दर्शन, त्यालाच दर्शन नाही."
आणि वीसच्या जागी पंचवीस दिले.

पुढे लढाई. माळा गेला, शिंपीण गेली.
मास्तर बोटीने स्वीडनला पोचले म्हणतात कोणी,
कोणी म्हणतं, बोट पोचली.

नातीच्या घरी आता पडदा खिडकीएवढा.
बातम्या देणाऱ्या मुलीच्या कपाळावरचा घाम मोजता येतो.
काय बघतेस एवढं टक लावून, नात विचारते.
काही नाही, म्हणते मी.
जेवली नसावी ही आज.

तबकडी माझ्याकडे आहे.
खुराड्याच्या झरोक्याला ठोकलीय, मुंगूस येऊ नये म्हणून नाही,
इथे मुंगसं नाहीत, कोल्हा आहे.
सकाळी ऊन आलं की तीस ठिपके पेंढ्यावर उतरतात
आणि कोंबड्या, दाणे समजून,
एकेक टिपत सुटतात.